रिकाम्या पाळण्याचा श्वास

जुई माझ्या खांद्यावर होती, ओकून ओली झालेली, आणि पाळण्याच्या दांडीला टांगलेली डबी सांगत होती की ती पाळण्यात झोपली आहे, श्वास व्यवस्थित चालला आहे.

हिरवा दिवा लुकलुकत होता. एक, दोन, तीन. न चुकता.

मी जुईच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती, हलत होती. पोर माझ्याजवळच होतं. पाळण्यात दुपटं, दुपट्याखाली गोधडी, गोधडीखाली ती पट्टी. बाकी कुणी नव्हतं.

"आई, दोरी सोडा," मी म्हटलं.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात तांदळाचं सूप, पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी. हात खडे वेचत होते, पाय झोका देत होता, दोघांना एकमेकांची खबर नव्हती. त्यांनी मान वर केली, पाळणा बघितला आणि सूप सारून उठल्याच.

"अगं बया! पोर उचललंस आणि सांगितलं नाहीस? रिकामा पाळणा हलवत्यात व्हय?" त्यांनी दोन्ही हातांनी पाळणा धरून थांबवला. मग जुईच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "काय तरी अभद्र."

पाळणा थांबला तसा दिवा विझला. मी मनात मोजत होते. विसावर आले आणि दिवा लाल झाला, डबी किंचाळायला लागली.

"हे बघ," सासूबाई म्हणाल्या, "ह्या डबीला पण नाही आवडलं."

मी बटण दाबून डबी बंद केली.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट, मिरजेच्या आमच्या घरातली. जुई आता नववीत आहे आणि दार लावून घेऊन गाणी ऐकते. तेव्हा ती चार महिन्यांची होती, पण अंगानं महिनाभराची वाटायची. सातव्या महिन्यातच आली. साडेतेराशे ग्रॅम. एक्केचाळीस दिवस काचेच्या पेटीत होती आणि त्या दिवसांत दोनदा ती श्वास घ्यायची विसरली. 'विसरली' हा डॉ. आवटींचा शब्द. "अशी बाळं विसरतात," त्या म्हणाल्या, "तळव्याला टिचकी मारली की त्यांना आठवतं." दोन्ही वेळा नर्सनं टिचकी मारली, दोन्ही वेळा तिला आठवलं, आणि दोन्ही वेळा मी काचेच्या अलीकडे उभी होते. घरी सोडताना त्या म्हणाल्या, "आता धोका अगदीच कमी आहे." घरातल्या सगळ्यांनी 'अगदीच कमी' ऐकलं. मी 'आहे' ऐकलं.

घरी आल्यावर मी झोपेनाशी झाले. जुईचे बाबा हुबळीला नोकरीला, शनिवारी यायचे, रविवारी संध्याकाळी जायचे. मी बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. पण मी तासातासाला उठून पोरीच्या नाकाखाली बोट धरायची. बोटाला वाफ लागली की आडवी व्हायची. मग वाटायचं, ती वाफ आपल्याच बोटाची असली तर? की परत उठायची.

आमच्या माडीवर तेव्हा माझा धाकटा दीर सन्मती आणि त्याची कॉलेजातली मैत्रीण अफ्रीन शिकलगार यांची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि सोल्डरचा वास. दोघंही इंजिनियर होऊन दोन वर्षं झाली होती, लागलेल्या नोकऱ्या सोडल्या होत्या. अफ्रीनचे मामा सतारी बनवायचे. सतारीचा आवाज मोठा करायला तिच्या भोपळ्याला रुपयाएवढी पितळी चकती चिकटवतात. तार थरथरली की त्या चकतीला कळतं. अफ्रीनच्या डोक्यात आलं, तार कळते तर बाळाची छाती का कळणार नाही? चार चकत्या एका पट्टीत शिवल्या, पट्टीला वायर, वायरला डबी. बाळाच्या प्रत्येक श्वासाला हिरवा दिवा लुकलुकणार. वीस सेकंद श्वास दिसला नाही की लाल दिवा आणि भोंगा.

पहिली पट्टी जुईच्या गोधडीखाली गेली. त्या दिवशी मी सलग चार तास झोपले. उठले तेव्हा सासूबाई डोकं धरून बसल्या होत्या, मलाच काही झालं की काय म्हणून.

दवाखान्यात महिनाभर बघून डॉ. आवटींनी आणखी नऊ पट्ट्या द्यायला परवानगी दिली. जुईसारखीच कमी दिवसांची नऊ बाळं, घरी गेलेली. मीच सन्मतीबरोबर घरोघर जाऊन आयांना समजावून दिलं होतं. सूचनांचा कागदही मीच मराठीत लिहिला होता, छान शुद्ध भाषेत: 'उपकरण स्थिर पृष्ठभागावर ठेवावे.' तो कागद खाली ठेवून मी पट्टी उचलली होती आणि पाळण्यात घातली होती. त्यात काही चुकतंय हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. बाळ पाळण्यात झोपतं. दुसरं कुठं झोपणार?

आणि दोन महिने हे कुणालाच कळलं नाही, कारण बाळ उचलायच्या आधी डबी बंद करायची, नाहीतर भोंगा होतो, ही सवय सगळ्यांनाच लागली होती. त्या सकाळी जुई अचानक ओकली, मी घाबरून तिला उचललं, बटण राहून गेलं. आणि राहिला प्रश्न रिकामा पाळणा हलवून बघायचा. तो आमच्याकडं कुणी हलवत नाही.

सासूबाई बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेल्यावर मी तो हलवला. दार आतून लावून घेतलं आणि हलवला. झोका दिला की हिरवा. थांबवला की वीस सेकंदांनी लाल. तीन वेळा करून बघितलं.

दीड वाजता सन्मती आणि अफ्रीन जेवायला खाली आले तेव्हा मी त्यांना सांगितलं.

दोघं हसतच आले होते. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पट्टी बघायला पुण्याहून कमिटी येणार होती. त्यांनी पसंत केलं असतं तर पुढच्या शंभर पट्ट्या जिल्ह्यातल्या दवाखान्यांतून जाणार होत्या.

"वहिनी, उद्या तुम्ही पण बोलायचं बरं का," सन्मती ताटावर बसता बसता म्हणाला. "आई म्हणून. जरा डोळ्यांत पाणी वगैरे आणा."

"त्यांना कशाला सांगतोस," अफ्रीन म्हणाली, "तूच रडशील पहिला. कॉलेजात व्हायवाला रडला होतास."

"घसा बसला होता माझा."

"डोळ्यांतनं बसला होता?"

"भावजी," मी म्हटलं, "पट्टी रिकाम्या पाळण्याचा श्वास दाखवते."

सन्मतीनं हातातला घास तसाच धरला. "म्हणजे?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "वायर सैल असेल." अफ्रीन उठली, हात धुतले आणि पाळण्यापाशी गेली. जुई माझ्याजवळ होती. अफ्रीननं दांडीला हात लावला तसं सासूबाईंनी स्वयंपाकघरातून बजावलं, "रिकामा हलवायचा नाही हं. माझ्या घरात नाही."

"मग काकू, काय ठेवू आत?"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि सकाळचे निवडलेले तांदूळ पिशवीत भरून आणून दिले. तीन-साडेतीन किलो असतील. अफ्रीननं ते दुपट्यात गुंडाळून गोधडीवर ठेवले, डबी चालू केली आणि झोका दिला.

तांदूळ श्वास घ्यायला लागले.

अफ्रीन मोबाईलच्या घड्याळावर मोजत होती. "अडतीस," ती म्हणाली. "मिनिटाला अडतीस. जुई किती घेते?"

"चाळीस ते पंचेचाळीस."

तिनं सन्मतीकडं बघितलं. सन्मती ताट सोडून उठला होता, हात उष्टाच. तो पाळण्याच्या दोरीकडं बघत होता, छताच्या कडीपासून खाली, हळूहळू.

"लंबक," तो म्हणाला. "बारावीचं फिजिक्स. हिला बारावीत शंभरपैकी नव्व्याण्णव होते, मला सत्त्याण्णव."

"आपण टेबलावर बघितलं," अफ्रीन म्हणाली. "दवाखान्यात बघितलं. दवाखान्यात पाळणा नसतो."

"ह्याच पाळण्यात वाढलोय गं मी."

अफ्रीननं पाळणा थांबवला नव्हता. तांदळाचा श्वास चालू होता. शेवटी सासूबाईंनीच विचारलं, "म्हणजे पोरीचा श्वास थांबला असता, आणि मी झोका देत असते, तर?"

"तर दिवा हिरवा, आई," सन्मती म्हणाला.

सासूबाईंनी पुढं होऊन स्वतःच पाळणा थांबवला.

सन्मतीचं डोकं मग भराभर चालायला लागलं, घाबरलेल्या माणसाचं चालतं तसं. उद्या कमिटीला गादीवर दाखवू. खोटं काही नाही, गादीवर पट्टी बरोबरच चालते. परवापासून दुरुस्तीला बसू. नऊ घरांत आत्ता फोन करू, बाळाला झोका देऊ नका म्हणून सांगू.

"सांगून ऐकतील?" अफ्रीन म्हणाली. "आधी तुझ्या आईला सांगून बघ."

"आई, आजपासून जुईला झोका द्यायचा नाही."

"आणि झोपवणार कोण, तू?" सासूबाई म्हणाल्या.

अफ्रीन पायऱ्या चढून माडीवर गेली आणि नऊ घरांची यादी घेऊन खाली आली. तिनं डॉ. आवटींना फोन लावला, काय झालंय ते दोन वाक्यांत सांगितलं. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "आधी सगळ्या काढून आणा. मग माझ्याशी बोला."

"वहिनी, तुम्ही येता?" तिनं विचारलं. "आम्हाला कुणी पाळण्याला हात लावू देणार नाही."

मी जुईकडं बघितलं. घरी आणल्यापासून तिला सोडून मी गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा गेले नव्हते; पट्ट्या द्यायला जातानाही तिला बरोबर नेलं होतं. सासूबाईंनी तिला माझ्याकडून काढूनच घेतली. "जा. ही डबी नव्हती तेव्हा दोन वाढवलेत मी. एक हा असा निघाला, तो दोष माझा नाही."

सन्मतीच्या मित्राची ओमनी गाडी मिळाली. पहिल्या घराबाहेर सन्मती म्हणाला, "दुरुस्तीला न्यायची आहे, एवढंच सांगू या." अफ्रीन त्याच्याकडं नुसती बघत राहिली. मग आत जाऊन तिनंच सांगितलं, "मावशी, झोका दिला की ही पट्टी खोटं बोलते. चूक आमची आहे." पुढच्या घरी मी सांगितलं. तिसऱ्या घरी सन्मती बोलला आणि त्याचा घसा खरंच बसला.

लोक वाटलं त्यापेक्षा सरळ वागले. एका आजोबांनी वायर गुंडाळून रबर लावून दिली. एक बाई म्हणाली, बरं झालं, ती स्वतःच भोंग्यानं दचकायची. एकीच्या नवऱ्यानं मात्र दारातच आवाज चढवला, "माझ्या पोरावर प्रयोग करत होता काय?" सन्मती मान खाली घालून उभा राहिला. बायको मधे पडली. त्या घरातून निघाल्यावर सन्मतीनं गाडीतूनच स्वतः पुण्याला फोन लावला. उद्या जरूर या, म्हणाला. दाखवायला काही नसेल, काय चुकलं ते सांगू. कमिटी दुसऱ्या दिवशी आली, तिनं सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि वर्षभरानं बघू म्हणून गेली. झोका आणि श्वास वेगळा ओळखणारी पट्टी बनायला पुढं दोन वर्षं लागली. पण ते नंतर.

सहाच्या सुमारास आठ पट्ट्या डिकीत होत्या. राहिली नववी.

नववं घर बेडग गावाच्या पुढं, द्राक्षाच्या बागेत. बागेचा मालक सांगलीला राहायचा. बागेतल्या पत्र्याच्या खोलीत कस्तुरी आणि तिचा नवरा. नवरा त्या वेळी औषध फवारायला गेला होता. कस्तुरी चोवीस-पंचवीस वर्षांची, हडकुळी, केसांचा नुसता बुचडा. मी पट्टी द्यायला आले होते तेव्हाही तिनं हेच पोलकं घातलेलं मला आठवत होतं. खोलीच्या मधोमध आढ्याला साडीची झोळी, झोळीत पोर, वरती खिळ्याला डबी. दिवा लुकलुकत होता. तिचा एक हात झोळीवर होता आणि आम्ही आत आलो तरी तो थांबला नाही.

"झोपलाय दगडू," ती हळूच म्हणाली. खरं नाव वर्षाचा झाल्यावर ठेवणार होते. आधीची दोन राहिली नव्हती, म्हणून ह्याला सध्या दगडू म्हणायचं. कुणाचं लक्ष जाऊ नये.

मी तिला सगळं सांगितलं. आठ घरांत सांगून सांगून वाक्यं पाठ झाली होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "पण राहू दे."

"अहो, ती खोटं दाखवते."

"कळलं वो ताई. झोका दिला की खोटं दाखवती. दाखवू दे."

सन्मती दारातून म्हणाला, "ताई, पैसे वगैरे काही नाही, आम्ही दुसरी—"

"तुमी गप बसा दादा." तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. "ताई, सकाळी हे फवारायला जात्यात. मी एकटी. नळ तिकडं बांधाला. आधी मी ह्याला सोडून दारापातूर जात न्हवते. ही डबी आली तवापासनं पाणी आणती, भाकरी करती. दिवा दिसतोय म्हनून. मशीन न्या पाहिजे तर. दिवा तेवढा ठेवा."

अफ्रीननं तोंड फिरवलं.

मला वाटलं, हिला दाखवलं की पटेल. मी शाळेत शिकवलेली बाई. माझा प्रयोगावर विश्वास. मी म्हटलं, "कस्तुरीताई, दगडूला जरा घ्या तुमच्याजवळ. झोळीत आपण पिठाचा डबा ठेवू आणि झोका देऊ. दिवा तसाच चालेल, बघाच तुम्ही." आणि मी झोळीच्या काठाला हात लावला.

तिनं माझं मनगट धरलं. हडकुळ्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"दोन डाव रिकामी झालीया ही झोळी," ती म्हणाली. "त्यात पीठ ठेवू? घटकाभर सुदीक न्हाई ठेवायची."

मी हात काढून घेतला. दिवा लुकलुकत होता. बाहेर कुठंतरी फवाऱ्याचं इंजिन चालू होतं.

"कवा कळलं तुमास्नी?" तिनं विचारलं.

"आज."

"आज कवा?"

"सकाळी. साडेदहाला."

"आन् ह्यास्नी कवा सांगितलं?"

सन्मती आणि अफ्रीन दोघंही माझ्याकडं बघत होते. दिवसभरात त्यांनी मला हे विचारलं नव्हतं. माडीवर जायला आमच्या घरात पंधरा पायऱ्या आहेत.

"दीडला," मी म्हटलं.

"तीन तास काय केलंसा?"

मी काहीतरी सांगू शकले असते. पोर ओकलं होतं, सासू घरात नव्हती, खात्री करून घेत होते. ह्यातलं काहीच खोटं नव्हतं. पण तिचा हात झोळीवर होता, तिच्या डोळ्यांखाली काळं होतं, आणि ते काळं मी आरशात बघितलेलं होतं.

"झोपले," मी म्हटलं.

"काय?"

"तीन वेळा बघितलं. तिन्ही वेळा रिकामा पाळणा श्वास घेत होता. मग मी पोरीला परत पाळण्यात ठेवलं. वाटलं, दोन मिनिटं बसते आणि मग वर जाऊन सांगते. दोरी हातात धरून झोका देत बसले. समोर दिवा लुकलुकायला लागला." माझा आवाज मलाच परका वाटत होता. "मला माहीत होतं तो खोटा आहे. मीच शोधून काढलं होतं. तरी त्याच्याकडं बघता बघता माझा डोळा लागला. दोरी हातातच होती. जाग आली तेव्हा सव्वा वाजला होता."

"आन् दिवा?"

"मला जाग आली ती भोंग्यानं. झोपेत माझा हात थांबला होता. पाळणा कधी थांबला, मला माहीत नाही. दिवा लाल होता." मी झोळीतल्या दगडूकडं बघितलं. "ती हात-पाय ताणून झोपली होती. ठीक होती. गोधडी सरकून पट्टी बाजूला गेली होती, एवढंच. पण तिच्या छातीवर हात ठेवेपर्यंत... मी हात ठेवायला घाबरले. किती वेळ घाबरून नुसती बघत राहिले ते पण मला माहीत नाही."

खोलीत फक्त दगडूच्या घशातला बारीक घुर्र आवाज होता. सन्मती जमिनीकडं बघत होता. अफ्रीन पुढं येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, पण तिनं मला हात लावला नाही. त्याबद्दल मी तिची अजून आभारी आहे.

"म्हाईत असून झोप लागली," कस्तुरी म्हणाली. विचारत नव्हती, स्वतःशीच म्हणत होती.

"लागली."

ती डबीकडं बघत राहिली. दिवा दोनदा, चारदा लुकलुकला. मग तिनं झोका थांबवला, वाकून दगडूला झोळीतून उचललं, त्याचं डोकं खांद्याला लावलं आणि दुसऱ्या हातानं खिळ्यावरची डबी काढून वायरीसकट माझ्या हातात दिली. पट्टीही तिनंच ओढून काढली. झोळी रिकामी लोंबायला लागली तशी तिनं एका हातानं तिची गाठ मारून वर खोचून टाकली.

"चला," सन्मती अगदी हळू आवाजात म्हणाला. "वहिनी, अंधार व्हायच्या आत पोचायला हवं. आई जेवायची थांबली असेल."

"थांबा जरा," कस्तुरी म्हणाली. ती त्याला म्हणत नव्हती. ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि तिनं दगडूला माझ्या हातात ठेवलं. एखादी वस्तू देतात तसं, सरळ. "धरा ह्याला. मी न्हाऊन येते."

"आत्ता?"

"किती दिस झालं डोस्क्यावरनं पाणी घेटलं न्हाई. तुमी हायसा तवर घेते."

तिनं कोपऱ्यातली बादली उचलली, दोरीवरचं लुगडं ओढलं आणि मागच्या दारानं निघून गेली. मागं गोणपाट लावून केलेली न्हाणी होती. मी तिथंच जमिनीवर मांडी घालून बसले. दगडू जुईपेक्षाही हलका होता. त्याच्या पोटावर मी तळहात ठेवला. पोट वर आलं, खाली गेलं. त्या दोघांनी पट्टी, डबी गोळा केली आणि सन्मती उंबऱ्यावर बसला, अफ्रीन त्याच्या पलीकडं. गाडीकडं कुणी गेलं नाही.

मागून बादलीत तांब्या बुडल्याचा आवाज आला. मग पाणी ओतल्याचा. मग तिचा आवाज.

"हाय न्हवं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आहे," मी ओरडले.

पाणी. परत पाणी.

"हाय न्हवं?"

"हाय, हाय!" ह्या वेळी सन्मती आणि मी एकदमच म्हणालो. दगडूनं झोपेत हात झटकला आणि माझं बोट धरलं.

तिनं शिकेकाई घेतली असावी. थोडा वेळ नुसतं केस चोळल्याचं ऐकू येत होतं. मग तांब्या. मग ती. मग मी. मधलं अंतर वाढत गेलं, दोन तांब्यांवरून चारावर, चारावरून सहावर. दाराबाहेर ऊन उतरलं होतं आणि द्राक्षाच्या ओळी काळ्या दिसायला लागल्या होत्या. मी तयारीत बसले होते, तिनं विचारलं की लगेच उत्तर द्यायचं म्हणून.

मग बराच वेळ तिनं विचारलंच नाही. नुसतं पाणी वाजत राहिलं.